नक्कल जमली नाही म्हणून: निळ्या-पांढऱ्या भांड्यांची उलटसुलट वंशावळ

अभ्रक

बसऱ्याच्या कुंभारांपुढे नवव्या शतकात मोठा पेच पडला. चीनहून येणाऱ्या जहाजांतून पांढरीशुभ्र भांडी उतरू लागली होती. पातळ, टणक, टिचकी मारली की खणकन वाजणारी. इराकातल्या धनिकांना आता तशीच भांडी हवी होती. बसऱ्याची माती मात्र पिवळट. कितीही गाळा, मळा, भाजून निघाली की तिचा रंग उघडा पडायचाच. चीनकडची पांढरी माती इथे नव्हती आणि ती पिकवायला लागणारी धग देणाऱ्या भट्ट्याही नव्हत्या.

मग त्यांनी माती पांढरी करायचा नाद सोडला आणि झिलई पांढरी केली. झिलईत कथील मिसळलं की ती अपारदर्शक होते आणि खालची माती झाकून टाकते. लांबून बघणाऱ्याला चिनी वाटेल असा वाडगा तयार झाला. त्या कोऱ्या पांढऱ्या जमिनीवर त्यांनी कोबाल्टचा निळा रंग ओढला. ज्या चिनी मालाची नक्कल चालली होती त्यावर हा निळा नव्हताच.

इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली एक बुडालेलं अरबी बांधणीचं गलबत सापडलं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याने शिवलेल्या. आत सुमारे ६०,००० चिनी भांडी. त्यातल्या एका वाडग्यावर इ.स. ८२६ला जुळणारी तारीख आहे, त्यामुळे काळ साधारण ठरतो. या एवढ्या ढिगात निळ्या-पांढऱ्या थाळ्या फक्त तीन. त्यांच्यावरची चौकट आणि पानं पाहिली तर ती चिनी कमी आणि इराकी जास्त वाटतात. म्हणजे इराकी कुंभार चिनी भांड्यांची नक्कल करत होते त्याच सुमारास चिनी कुंभार इराकी गिऱ्हाइकाच्या आवडीचा अंदाज घेऊन माल पाठवत होते. मूळ कोण आणि नक्कल कोण, हा घोळ पहिल्याच पानावर आहे.

चीनमध्ये तो प्रयोग तेवढ्यावरच राहिला. निळ्याने खरा जोर धरला तो पुढे मंगोल राजवटीत, चिंगदचन या गावात. इथे १२७८ साली सरकारी भांडी-कचेरी सुरू झाली. जवळच्या काओलिंग नावाच्या टेकडीत पांढरी माती होती. केओलिन हे नाव तिथलंच. कोबाल्ट मात्र इराणहून येत असे. काशानच्या एका कुंभार घराण्यातला अबुल कासिम १३०१ साली लिहून गेलाय की हा दगड काशानजवळच्या कमसर गावी मिळतो. मंगोलांच्या ताब्यात तेव्हा चीनही होता आणि इराणही, त्यामुळे दगड चीनला पोचायला अडचण नव्हती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ज्यांना डेव्हिड व्हाझ म्हणतात ते दोन उंच कुंभ आहेत. त्यांच्या गळ्यावर १३५१ची तारीख आणि देवळाला ते वाहणाऱ्याचं नाव लिहिलंय. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं वय काढताना अभ्यासक आजही त्या दोघांपासून मोजायला सुरुवात करतात.

गंमत म्हणजे चिनी रसिकांना हा प्रकार आधी अजिबात आवडला नव्हता. १३८८ सालच्या एका जाणकार संग्राहकाच्या ग्रंथात निळ्या-पांढऱ्या भांड्यांना सरळ ‘गावंढळ’ म्हटलंय. त्यांना एकरंगी, शांत भांडी प्रिय. भडक नक्षीचे मोठे थाळे पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकासाठी, एका थाळ्याभोवती बसून जेवणाऱ्या पंगतीसाठी बनत होते.

इथून पुढची पाचशे वर्षं जगाने चिंगदचनची नक्कल केली, आणि जवळपास कुणालाच ती हुबेहूब जमली नाही. माझा मुद्दा हाच आहे. तुर्कस्तानातल्या इझ्निकने गारगोटीची पूड आणि काच मिसळून पांढरं अंग तयार केलं. सुरुवातीला मिंग काळातल्या चिनी थाळ्यांवरचे द्राक्षांचे घोस जसेच्या तसे उतरवले. मग त्यांतून ट्यूलिप आणि कार्नेशन उगवले, आणि १५५०च्या दशकात तो फुगीर टोमॅटो-लाल आला, जो चीनकडे नव्हताच. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने १५७५ ते १५८७ अशी बारा वर्षं पैसा ओतला. त्यातून आज जेमतेम साठेक नग उरलेत, काहींचा निळा पसरलेला, काही भट्टीतच वाकलेले. हॉलंडमधल्या डेल्फ्टने बसऱ्याचीच कथील-झिलईची युक्ती इटली आणि अँटवर्पमार्गे उचलली. जयपूरने तर माती जवळजवळ वापरलीच नाही.

यातलं प्रत्येक घराणं आज स्वतंत्र कला म्हणून ओळखलं जातं. जिथे नक्कल जमली तिथे काय झालं? जर्मनीतल्या माइसेनला १७०८-१०मध्ये खरं पोर्सेलिन, म्हणजे चीनसारखं पातळ, टणक, पांढरं अंग, सापडलं. तांत्रिक पराक्रम मोठाच. पण मला विचाराल तर माइसेनच्या नाजूक बाहुल्यांपेक्षा इझ्निकची एक साधी थाळी मी जास्त वेळ बघेन. हे वैयक्तिक मत, त्यावरून भांडायला हरकत नाही.

अवांतर: माइसेनचा आश्रयदाता, सॅक्सनीचा ऑगस्टस, याचं चिनी भांड्यांचं वेड एवढं की त्याने १७१७ साली प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार देऊन बदल्यात १५१ भांडी घेतली. त्यातले मोठे कुंभ अजून ‘ड्रॅगून (म्हणजे घोडेस्वार सैनिक) कुंभ’ म्हणूनच ओळखले जातात. त्या सैनिकांना काय वाटलं असेल, याची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटली नसणार.

---

तळ्यातमळ्यात

मस्त धागा! एक बाळबोध प्रश्न: माठाची माती, लोणच्याच्या बरणीची माती आणि कपबशीची माती यात नेमका फरक काय? आमच्याकडे कपबशी पण चिनी मातीची आणि बरणी पण चिनी मातीचीच.

---

अभ्रक

@तळ्यातमळ्यात, फरक मातीचा आणि धगीचा, दोन्हीचा.

माठ हजार अंशांच्या आतच भाजतात. माती घट्ट होते पण छिद्रं राहतात, म्हणून तर पाणी झिरपून गार होतं. बरणी म्हणजे स्टोनवेअर: १२००च्या वर भाजलेली, माती आतून जवळजवळ दगड झालेली, पण अंग जाड आणि अपारदर्शक. वरून खाकी आणि खालून पांढरट अशा त्या बरण्या सौराष्ट्रात थानगढ, मोरबी, वांकानेर पट्ट्यात भरपूर बनायच्या. पोर्सेलिनला १३००च्या आसपास धग लागते आणि अंगात केओलिनबरोबर एक विशिष्ट दगड कुटून घालावा लागतो. दगड वितळून काच होतो, केओलिन त्या धगीतही आकार धरून ठेवतं. पातळ पोर्सेलिन उजेडात धरलं तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

चिंगदचनला राहिलेल्या दाँत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२च्या पत्रात एक किस्सा दिलाय. काही युरोपीय म्हणे तो दगड विकत घेऊन मायदेशी गेले, केओलिन न्यायचं राहिलं, आणि काहीच जमलं नाही. त्यावर एक चिनी व्यापारी हसून म्हणाला, यांना हाडांशिवाय नुसत्या मांसाचं शरीर उभं करायचं होतं!

---

देवगिरीवाला

आमच्या भागाचा उल्लेख राहिला, तो करतो. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७नंतर तिथे कैदेत ठेवलं होतं, म्हणून गाइड लोक तेवढंच सांगून पुढे सरकतात. पण महालाला चिनी नाव पडलं ते भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशांमुळे. आता अगदी तुरळक तुकडे उरलेत, वर मान करून शोधावे लागतात. पायथ्याचा चांद मिनार पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. त्यावरही एकेकाळी इराणी धाटणीच्या फरशा होत्या.

याच घराण्यातलं सगळ्यात देखणं काम बघायचं तर बिदरला जा. महमूद गावानचा मदरसा, १४७२. गावान स्वतः इराणातल्या गिलानचा. इमारत अर्धी पडलीय, पण उरलेल्या मनोऱ्यावरचे निळे, पिवळे, पांढरे तुकडे उन्हात अजून चमकतात. दख्खनच्या पावसात साडेपाचशे वर्षं काढलीत त्यांनी.

---

खडूसकाका

धागा चांगला आहे, पण ‘नक्कल फसली आणि कला झाली’ हे समीकरण मला जरा गोड वाटतं.

एक, इझ्निक फसलं कुठे? ऑटोमन सुलतानांकडे अस्सल चिनी माल ढिगाने होता. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही दहा हजारांवर चिनी नग आहेत. खरं पोर्सेलिन हवं तेव्हा मिळत होतं. इझ्निकला मागणी आली ती मशिदींच्या फरशांची, आणि फरशा चीनहून मागवत नव्हते. इस्तंबूलमधली रुस्तम पाशाची मशीद बघा. तिथे चीनची आठवणसुद्धा येत नाही.

दोन, डेल्फ्टवाल्यांना कलेची नाही, बाजाराची काळजी होती. १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज लुटलं. त्यातली सुमारे लाखभर भांडी पुढच्या वर्षी अॅमस्टरडॅमला लिलावात निघाली, फ्रान्सच्या राजाने घेतली, इंग्लंडच्या राजाने घेतली. सगळ्या युरोपला चटक लागली. मग १६४४मध्ये मिंग सत्ता कोसळली, चिंगदचनचा माल येईना, आणि डेल्फ्टने मोकळी जागा पटकावली. म्हणजे पुरवठा तुटला म्हणून धंदा उभा राहिला. यात ‘फसलेली नक्कल’ वगैरे काव्य कशाला?

---

हेगकर

काकांशी अर्धा सहमत. मी डेल्फ्टपासून ट्रामच्या अंतरावर राहतो, म्हणून चार ओळी.

सतराव्या शतकात डेल्फ्टमधला बिअरचा धंदा बसत चालला होता. रिकाम्या पडलेल्या बिअरच्या कारखान्यांत कुंभारांनी भट्ट्या घातल्या. काही कारखान्यांची नावं त्यामुळेच दारूच्या गुत्त्यासारखी आहेत. भर बहरात तीसेक कारखाने होते. त्यांनी आपल्या मालाला बिनधास्त ‘पोर्सेलिन’ म्हटलं. १६५३ साली स्थापन झालेल्या आणि आजही चालू असलेल्या कारखान्याच्या नावातच तो शब्द आहे: दे पोर्सेलेन फ्लेस. तेव्हा ते पोर्सेलिन मुळीच नव्हतं. जुन्या डेल्फ्ट थाळीची कड टवका उडालेली असेल तर आतली पिवळट माती लगेच दिसते.

पण अभ्रक यांचा मुद्दाही पूर्ण सोडवत नाही. कथील-झिलई भाजण्याआधी कोरड्या भुकटीचा थर असते. तिच्यावर ब्रश टेकला की रंग क्षणात शोषला जातो. खोडता येत नाही, परत फिरवता येत नाही. त्यामुळे डेल्फ्टच्या रेषेत एक घाई आहे, एक ठाम झटका आहे, जो चिनी थाळीवर दिसत नाही. आणि झिलई निस्तेज दिसते म्हणून वरून काचेसारखा दुसरा पारदर्शक थर शिंपडायचे. हे सगळे उपाय पोर्सेलिन नसल्यामुळेच करावे लागले. विषय बाजाराने दिला असेल, हात मात्र अडचणीने घडवला.

फरशांवर तर चीन केव्हाच मागे पडला. गुरं, होड्या, पवनचक्क्या, गोट्या खेळणारी पोरं. माझ्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात अशा जुन्या फरशांची एक रांग आहे, एका फरशीवर एक माणूस निवांत लघवी करतोय. ती म्हणते हीच सगळ्यात महाग!

---

थापटी

वाचत होतो, आता राहवत नाही.

आमच्या घरात चाक पिढ्यान् पिढ्या होतं. वडिलांपर्यंत चाललं, मी नोकरीत आलो. त्यामुळे वरची चर्चा वाचताना एक गोष्ट टोचते. राजे, कारखाने, सुलतान, संग्राहक यांची नावं आहेत. थाळी कुणी फिरवली त्याचं नाव नाही. अभ्रक यांनी ज्या पाद्र्याचा उल्लेख केला त्याच्याच पत्रात आहे की चिंगदचनला एक भांडं सत्तर हातांखालून जातं. एक जण फक्त कडेची रेघ ओढतो, दुसरा फुलाची बाह्यरेषा, तिसरा आत रंग भरतो. आयुष्यभर तेवढंच. त्यावर शिक्का बादशहाचा.

आणि नक्कल, व्यापार हे शब्द मवाळ आहेत. जपानने पोर्सेलिन कसं मिळवलं? १५९२ ते ९८ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना सरदारांनी कोरियन कुंभार उचलून नेले. कुटुंबंच्या कुटुंबं. त्यातल्या यी सामप्योंग याने क्युशू बेटावर आरिताजवळ इझुमियामाला योग्य दगड शोधला, असं मानतात. साल १६१६ सांगतात. जपानी पोर्सेलिनची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. चिनी माल अडला तेव्हा डच कंपनीने मोर्चा वळवला तोही आरिताकडेच.

कौशल्य हातात असतं, त्यामुळे कौशल्य चोरायचं तर माणूसच चोरावा लागतो. माइसेनचं तरी काय वेगळं? ब्योटगर नावाचा किमयागार सोनं बनवतो म्हणाला म्हणून ऑगस्टसने कोंडून ठेवला, त्शिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली भट्टीवर बसवला. पोर्सेलिन सापडल्यावरही त्याला लगेच मोकळीक नव्हती. ३७व्या वर्षी मेला.

---

क्युशूची_मावशी

@थापटी, नमस्कार. मी फुकुओकाला असते, आरिताला जाणं होतं अधूनमधून.

तिथे तोझान नावाचं शिंतो देऊळ आहे, त्याचं तोरी, म्हणजे प्रवेशद्वार, चक्क पोर्सेलिनचं आहे, निळ्या नक्षीचं. यी सामप्योंगला तिथे देव म्हणून पुजतात आणि मागच्या टेकडीवर त्याचं स्मारक आहे. इझुमियामाची खाण आता बंद आहे. मोठा पिवळट-पांढरा खड्डा. टेकडी होती, तिची भांडी झाली.

दक्षिणेला कागोशिमाकडे नाएशिरोगावा भागात पकडून आणलेल्या कोरियन कुंभारांची दुसरी वस्ती होती. तिथल्या चिन जुकान घराण्याने कोरियन आडनाव आजतागायत टाकलेलं नाही. पंधराव्या पिढीतही तेच नाव लावतात. म्हणजे निदान दोघा-चौघांची नावं उरलीत, अगदीच पुसली गेली नाहीत.

---

तळ्यातमळ्यात

बापरे. हे काहीच माहीत नव्हतं. इमारी-इमारी म्हणून लोक जे मिरवतात ते हेच का?

---

क्युशूची_मावशी

हो, इमारी हे बंदर. माल आरिताचा, लादला जायचा इमारीला, म्हणून तेच नाव चिकटलं.

---

अभ्रक

@खडूसकाका, इझ्निकबद्दल तुमचं म्हणणं फरशांपुरतं मान्य. पण थाळ्यांचं बघा. मिंग द्राक्षांच्या थाळीची इझ्निक आवृत्ती शेजारी ठेवली की दिसतं, कुंभार आधी निरखून उतरवतोय, मग कडेच्या लाटा त्याला कळत नाहीत. चिनी समुद्राच्या लाटा आणि खडक, ते तुर्की हातात गोगलगायीसारखे वेटोळे होतात, आणि मग तेच वेटोळं पन्नास वर्षं इझ्निकची ओळख बनून राहतं. ‘फसणं’ मी म्हणतो ते हे. भट्टी फसायलाच हवी असं नाही, समजही फसते.

माइसेनचीच गंमत घ्या. त्यांची सगळ्यात खपलेली निळी नक्षी ‘कांदा नक्षी’ म्हणून प्रसिद्ध आहे. चिनी थाळीवर ती डाळिंबं आणि पीच होती. जर्मन घरांत कांदे झाले.

आणि चिनी लोकांनी स्वतःचीच नक्कल केली हे तर कहर. पंधराव्या शतकात युंगल आणि श्वेनद या मिंग बादशहांच्या काळात आयात कोबाल्टमध्ये लोह जास्त असे, त्यामुळे रंग दाट पडला तिथे काळसर ठिपके उमटत. दोष होता तो. अठराव्या शतकात रंग शुद्ध करण्याचं तंत्र सुधारलं, ठिपके गेले, आणि तेव्हाच्या बादशहांना जुनी भांडी हवीहवीशी वाटू लागली. मग चिंगदचनचे चित्रकार ब्रशच्या टोकाने एकेक ठिपका मुद्दाम देऊ लागले! शेजारी ठेवलं की फरक कळतो, खरा डाग झिलईत खोल रुतलेला असतो, दिलेला ठिपका जरा शिस्तीत बसलेला.

---

खडूसकाका

ठिपक्यांचं भारी आहे. ते पटलं. बाकी मी माझ्या जागी ठाम.

---

फोडणी_नको

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. जयपूरहून ब्लू पॉटरीचे सहा वाडगे आणलेत. त्यात गरम आमटी वाढली तर चालेल का? आणि अभ्रक म्हणतात माती जवळजवळ वापरलीच नाही, म्हणजे काय?

---

अभ्रक

आमटी नको. शोभेचे राहू द्या, फार तर सुका मेवा ठेवा.

जयपूरच्या अंगात मुख्य असते गारगोटीची पूड. त्यात काचेची भुकटी, थोडी मुलतानी माती, साजी (एक प्रकारचा खार) आणि कतीरा डिंक. अबुल कासिमने १३०१ साली दिलेला काशानचा पाठ होता दहा भाग गारगोटी, एक भाग काच, एक भाग पांढरी माती. नातं उघड आहे. या पिठाला मातीसारखी ओढ नसते, चाकावर ओढायला गेलात तर फाटतं. म्हणून पोळीसारखं लाटून साच्यात बसवतात, साच्यात राख भरून आकार धरतात, आणि गळा, बूड वेगळं करून जोडतात. भाजणं एकदाच आणि तेही आठ-साडेआठशे अंशांवर. त्यामुळे अंग ठिसूळ, पाणी शोषणारं. पारंपरिक झिलईत शिसंही असायचं. आता काही ठिकाणी शिसेमुक्त बनवतात, पण विचारून खात्री केल्याशिवाय त्यात आंबट काही वाढू नका.

जयपूरला हे काम एकोणिसाव्या शतकात सवाई रामसिंह दुसरे यांच्या आश्रयाने वाढलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ थांबलं. ते पुन्हा उभं करण्यात कमलादेवी चट्टोपाध्याय आणि महाराणी गायत्रीदेवी यांचं पाठबळ होतं, पण प्रत्यक्ष हात घातला तो कृपालसिंह शेखावत यांनी. ते मूळचे चित्रकार. शांतिनिकेतनला शिकलेले, जपानलाही जाऊन आलेले. १९७४ साली पद्मश्री मिळाली. थापटी, हे नाव तुमच्या यादीत घाला, त्यांनी आपल्या कामावर सही केली.

---

फोडणी_नको

राहिले मग शोभेला. नवरा आधीच म्हणत होता, ते वेगळं.

---

गिरगावचा_गणू

मुंबईतल्या मुंबईत हे बघायचं असेल त्यांच्यासाठी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटांनी दिलेला चिनी-जपानी संग्रह आहे. लोक खालच्या शिल्पांत आणि लघुचित्रांत दमतात आणि वर त्या दालनापर्यंत पोचतच नाहीत. निळ्या-पांढऱ्यासकट बरंच काही आहे. पारशी व्यापारी चीनच्या कँटन बंदराला जाऊन-येऊन होते, त्यामुळे मुंबईच्या जुन्या पारशी घरांत चिनी भांडी असणं अप्रूपाचं नव्हतं.

दुसरं, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथे ‘बॉम्बे स्कूल’ची भांडी बघा. आजच्या जे. जे. कला महाविद्यालयात १८७०च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी हा विभाग चालवला, नंतर त्यांच्या ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’चंही नाव झालं. पद्धत सिंधच्या झिलईदार भांड्यांची, आणि नक्षीत अजिंठा! त्याच काळात जे. जे.चे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची चित्रं उतरवत होते, ती चित्रं सुरईच्या पोटावर येऊन बसली. पद्मपाणी निळ्या-तपकिरी झिलईत कसा दिसतो ते एकदा बघाच. मला काही तुकडे बटबटीत वाटले, काही फार सुंदर. माल मुख्यतः परदेशी प्रदर्शनांसाठी आणि साहेबांसाठी, त्यामुळे चांगले नग लंडनला.

---

मांडवीकाठ

गोंय राहिलें! पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या अझुलेझो फरशांची अख्खी भिंत आहे. १९३५ साली जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने केलेली, कामोइंश या कवीच्या महाकाव्यातले प्रसंग. वास्को द गामा वगैरे मंडळी निळ्या रंगात उभी. कचेरीच्या कामाला आलेली माणसं त्याला पाठ टेकून बसलेली असतात.

काकांच्या बाजाराच्या मुद्द्याला पुरवणी: पोर्तुगीजांनी फरशांची कला मुळात स्पेनमधल्या मुस्लिम कारागिरांकडून उचलली, ती रंगीत होती. निळी-पांढरी झाली ती चिनी भांडी आणि डच फरशा आल्यावर. पोर्तुगालमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी डच फरशाच मागवायची फॅशन होती. लिस्बनच्या सांतुश राजवाड्यात एका दालनाचं छत पिरॅमिडच्या आकाराचं आहे आणि ते आतून चिनी थाळ्यांनी भरून टाकलंय. जेवायच्या थाळ्या छताला!

---

हेगकर

डच फरशांचं म्हणाल तर उदयपूरच्या सिटी पॅलेसमध्येही आहेत, चिनी चित्रशाळेत. नाव चिनी, फरशा डच. इकडून गेलेल्या डच पाहुण्यांना मी नेहमी सांगतो, बघून या.

---

थापटी

@मांडवीकाठ, ते स्पेनचं खरं, आणि पुढे तेच मेक्सिकोतल्या पुएब्लाला गेलं. मनिलाहून स्पॅनिश गलबतं चिनी भांडी घेऊन मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराला यायची, तिथून पुढच्या वाटेवर पुएब्ला. तिथल्या कुंभारांकडे स्पेनहून आलेली कथील-झिलई होती आणि समोर चिनी माल. त्यांच्या कुंभावर चिनी पद्धतीची निळी पाखरं आणि शेजारी निवडुंग असतो. २०१९ साली युनेस्कोने स्पेन आणि मेक्सिको दोघांची ही कथील-झिलईची कला, तलावेरा, एकत्र यादीत घेतली.

आणि अभ्रक, शेखावतांचं नाव घातलं यादीत. पण त्यांच्या हाताखाली गारगोटी दळणाऱ्याचं घालायचं राहिलंच.

---

सांजसावली

उशिरा आले धाग्यावर. माझ्या सासूबाईंकडे इंग्लंडच्या निळ्या बशा आहेत: पूल, विलोचं झाड, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. त्या सांगतात ही चिनी प्रेमकथा आहे, श्रीमंताची मुलगी आणि कारकून पळून जातात, बाप मागे लागतो, शेवटी दोघांचे पक्षी होतात. चीनमध्ये कुठल्या भागातली आहे ही कथा? मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हवी होती.

---

अभ्रक

कुठल्याच नाही. विलो नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरकडे तयार झाली, वेगवेगळ्या चिनी देखाव्यांचे तुकडे जोडून. हाताने काढलेलीही नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायची आणि तो कागद भांड्यावर दाबायचा. म्हणून स्वस्त, म्हणून घरोघर. प्रेमकथा नंतर तिथेच रचली, माल खपायला मदत म्हणून. पुढे विसाव्या शतकात जपानी कारखान्यांनी हीच इंग्रजी नक्षी अमेरिकेच्या बाजारासाठी गाड्या भरभरून छापली.

सासूबाईंच्या बशीच्या तळाला शिक्का बघा. ‘इंग्लंड’ असा देशाचा शिक्का असेल तर साधारण १८९१नंतरची, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे तो घालायला लागले. प्रकल्पात कथा खुशाल लिहा, पण ‘इंग्लंडची लोककथा’ या मथळ्याखाली.

---

सांजसावली

शिक्का ‘मेड इन जपान’ आहे :)

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.